दांडगं आणि दडलेलं

माणूस भेटला की आपण त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. आमचे मास्तर आधी पाय बघायचे. नगरच्या मिशनच्या हायस्कुलात मी संस्कृत शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी हेडमास्तरांनी आमची ओळख करून दिली. मी नमस्कार केला. मास्तरांची नजर माझ्या वहाणांवर. मला वाटलं, वहाणेचा अंगठा तुटलाय की काय. मी खाली बघितलं, तर वहाणा ठीक होत्या. मग त्यांनी सावकाश मान वर केली आणि म्हणाले, "या शास्त्रीबुवा. आई उंच आहे का तुमची?"

आई उंच होती. हे त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

ते शास्त्र शिकवत. पंचेचाळिशीच्या आसपास वय असेल. काळा, कोपरांवर चकाकणारा लांब कोट, डोक्यावर टोपी, आणि नगरच्या वैशाखातसुद्धा पायांत मोजे. त्यांच्याकडे एक सायकल होती, पण त्यांना सायकलीवर बसलेलं कुणी पाहिलं नाही. ती हातात धरून ते चालायचे. भिंगारपर्यंत जायचं असलं तरी तसेच. मी एकदा म्हटलं, "मास्तर, बसत का नाही?" तर म्हणाले, "बसता येत नाही. पण सोबत होते."

लग्न केलं नव्हतं. मागेपुढे कुणी नव्हतं. कुणी जात विचारली तर ते शांतपणे सांगत, "दुष्काळ." विचारणारा गोंधळायचा. मग ते समजावून सांगत, की मोठ्या दुष्काळात मदतीच्या कामावर ते कुणाला तरी सापडले, मिशनच्या अनाथाश्रमात वाढले, आणि त्याआधीचं कुणालाच काही ठाऊक नाही. हे सांगताना आवाजात कसलाही कंप नसे. जणू वर्गात हजेरी घेताहेत.

शाळेच्या मागे विहीर होती. तिच्या सांडपाण्यावर त्यांनी वाटाण्याचे वाफे केले होते. हे वाफे म्हणजे त्यांचा संसार. थंडी पडली की वाटाण्याला फुलं यायची, आणि मास्तर काही फुलांवर मलमलीच्या चिमुकल्या टोप्या घालून ठेवायचे, म्हणजे एका फुलाचा पराग भलत्या फुलाला लागू नये. बारीक चिमट्यानं ते एका फुलाचा पराग काढून दुसऱ्याला लावत. स्टाफरूममध्ये यावरून चेष्टा चाले. "मास्तर, मुहूर्त काढलाय का?" ते हसायचे आणि म्हणायचे, "मुहूर्त नाही, पण कुळ बघितलंय."

कुणी खरंच विचारलं तर मात्र रंगात येत. युरोपात कुठल्याशा मठात एक पाद्री होता, त्यानं आयुष्यभर वाटाणे लावून हे शोधलं, अशी सुरुवात व्हायची. पाद्री म्हटलं की आमचे काही सहकारी सावध होत. आता हे प्रार्थनेला बसवणार! पण मास्तर वाटाण्यावरून हलत नसत. गुळगुळीत वाटाणा आणि सुरकुतलेला वाटाणा. दोघांचं लग्न लावलं, की पोरं सगळी गुळगुळीत. सुरकुती गेली कुठं? गेली नाही. पुढच्या पिढीत बघा, तीन गुळगुळीतांमागं एक या हिशेबानं परत येते. "प्रत्येक गोष्टीचे दोन वाटे," ते सांगत. "एक आईकडून, एक बापाकडून. त्यातला एक असतो दांडगा आणि एक असतो दडलेला. दांडगा समोर येऊन उभा राहतो. दडलेला मागं बसतो. पण असतो. दोन्हीकडून दडलेलाच आला, की मग तो दिसतो." आणि शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य, "दिसत नाही म्हणजे नाही, असं नाही."

एका वर्षी वसतिगृहाच्या पोरांनी सगळे वाफे खाऊन टाकले. मास्तरांची कित्येक वर्षांची पैदास पोटात गेली. हेडमास्तर छडी घेऊन निघाले, तर मास्तर आडवे आले. पोरांना ओळीनं उभं करून त्यांनी एवढंच विचारलं, "गोड कुठले लागले? गुळगुळीत की सुरकुतलेले?" पोरं एकसुरात म्हणाली, "सुरकुतलेले." मास्तर खूश. "बरोबर आहे. सुरकुतलेल्यात साखर जास्त. बसा खाली." मार कुणालाच मिळाला नाही.

माणसांच्या बाबतीतही त्यांना हाच नाद होता. बारशाला बोलावलं की यायचे, आणि पाळण्यात वाकून पोराचं नाक कुणाचं, कान कुणाचे, हनुवटीची खळी कुठल्या घराण्यातून आली, हे ठरवल्याशिवाय सुंठवड्याला हात लावायचे नाहीत. माझ्या मुलीच्या बारशाला आले तेव्हा त्यांनी दुपटं बाजूला सारून तिचे पाय हातात घेतले, आणि एकेक बोट हळूच अलग करून पाहिलं. आमच्या घरात सगळे चकित. पाय पुन्हा झाकून म्हणाले, "छान. सगळी सुटी आहेत." माझी बायको नंतर कितीतरी दिवस धुसफुसत होती. "सुटी नसतील तर काय चिकटलेली असतील? काहीतरीच माणूस!"

दगडू हा आमच्या शाळेचा माळी. वाफ्यांना पाणी तोच द्यायचा. मास्तरांचं वाटाण्याचं पुराण त्यानं इतक्यांदा ऐकलं होतं, की नवीन मास्तर आला तर तोच सांगायला बसायचा, फक्त पाद्री कुठल्या देशातला ते त्याच्या तोंडी दर वेळी बदलायचं. शाळेच्या मागच्या खोलीत तो राहायचा. त्याची मुलगी हौसा दिली होती त्याच्याच बहिणीच्या घरात, कॅम्पाच्या पलीकडे कर्जतच्या रस्त्याला असलेल्या एका खेड्यात. बहीण भागूबाई दगडूपेक्षा बरीच मोठी. तिचा मुलगा किसन, म्हणजे हौसाचा आतेभाऊ, तोच नवरा. आत्याच सासू झाल्यामुळे पोरगी सुखात आहे, असं दगडू सांगायचा. दोन म्हशी होत्या. हौसा रोज सकाळी कॅम्पात दूध घालायला जायची. लढाईचे दिवस, कॅम्प गोऱ्या सोल्जरांनी भरलेला, दुधाला गिऱ्हाईक भरपूर.

त्या वर्षी थंडी सरता सरता हौसा बाळंत झाली. दगडू पेढे घेऊन येईल म्हणून आम्ही वाट बघत होतो. तो आलाच नाही. बऱ्याच दिवसांनी आला तो थेट वाफ्यांशी जाऊन बसला. पाटाचं पाणी वाफा फोडून वाहून चाललं होतं, तरी तो तसाच.

मास्तरांनी आधी पाणी बंद केलं. मग त्याच्या शेजारी बसले. मी तिथंच होतो.

"दगडू, काय झालं?"

"पोरगी घरी आणलीय मास्तर. तिला टाकली." मग एकदम म्हणाला, "पोर गोरं झालंय. गोरं म्हंजी... पार पांडरं. सगळं गाव म्हनतंय, कॅम्पातल्या सोल्जराचं हाय."

"मला दाखव," मास्तर म्हणाले.

खोलीत अंधार होता. हौसा भिंतीकडे तोंड करून बसली होती. मास्तरांनी बाहेरूनच विचारलं, "पोरी, येऊ का आत?" तिनं पोर पुढं केलं. मुलगी होती. कापसासारखे पांढरे केस, भुवया पांढऱ्या, पापण्याही पांढऱ्या. अंग गुलाबी, इतकं की आतल्या शिरा दिसाव्यात. मास्तरांनी तिला दाराशी उजेडात आणलं, तर तिनं डोळे घट्ट मिटले आणि रडायला लागली. सावलीत नेल्यावर उघडले. डोळ्यांची बुबुळं एका जागी ठरत नव्हती, झुलत होती.

मास्तर बराच वेळ बघत राहिले. मग दगडूला म्हणाले, "तू कॅम्पात गोरे बघितलेस. त्यांच्या पापण्या अशा असतात? ते उन्हात डोळे मिटून चालतात?"

"न्हाई."

"आणि गोऱ्या बापाचं, आपल्याकडच्या आईचं पोर कसं होतं? रेल्वेच्या वसाहतीत बघितलीस ना तसली पोरं? गव्हाळ होतात, मधलीच. हे पोर गोऱ्याहून पांढरं आहे. हा रंग कुणी दिलेला नाही. अंगात रंगच तयार झालेला नाही. हे दडलेलं आहे दगडू. दोन्हीकडून आलंय. हिच्याकडून आणि किसनकडून."

हौसानं तेव्हा पहिल्यांदा मान फिरवली. "मंग हे त्यास्नी सांगा," ती म्हणाली. "मला सांगून काय उपेग? मला ठाव हाय माझं."

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली. मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही पण चला. माझं ऐकतील न ऐकतील. तुमचं निदान ऐकून घेतील." दगडूनं बैलगाडी मिळवली. गाडीत हौसा, पोर, दगडू आणि मी. मास्तर सायकल हातात धरून गाडीच्या बाजूनं चालत होते. वाफ्यातल्या वाटाण्यांची पुरचुंडी कोटाच्या खिशात होती.

किसनच्या दारी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. भाऊबंद जमले. माझ्यासाठी ओट्यावर घोंगडी अंथरली गेली. मास्तरांना कुणी वर या म्हटलं नाही. ते खाली लिंबाच्या बुंध्याशी असलेल्या दगडावर बसले, आणि मीही खाली उतरून त्यांच्याजवळ बसलो. हौसा गाडीतच राहिली. भागूबाई, म्हणजे तिची सासू, दाराच्या आत सुपात काहीतरी निवडत होती. तिनं बाहेर मान काढली नाही.

मास्तरांनी पुरचुंडी सोडली. गुळगुळीत, सुरकुतलेले, सगळं रीतसर समजावलं. लोकांनी ऐकून घेतलं. किसन कमरेवर हात ठेवून उभा होता. तरणाबांड, चांगला काळासावळा माणूस. मास्तरांचं संपल्यावर म्हणाला, "वाटान्याचं वाटान्याला. मी मानूस हाय."

"माणसालाही तोच नियम आहे. निम्मं तुझ्याकडून आलंय."

"म्हंजी माझ्यात खोट हाय?" तो एक पाऊल पुढं आला. "आमच्या घरात सात पिढ्यांत असलं कोन झालं न्हाई! इचारा कुनालाबी."

"खोट नाही म्हणत मी. दडलेलं आहे म्हणतो. तुझ्या घरात नसेल. तुझ्या आईच्या माहेरी? हौसाचं माहेर तेच आहे ना? तिकडे कुणी होतं का?"

दगडू म्हणाला, "आमच्यात न्हाई मास्तर. मी खोटं कशाला बोलू? माज्या लेकीचा परपंच हाय."

आतला सुपाचा आवाज थांबला. तो थांबलेला मला मागाहून जाणवला. मास्तरांना तेव्हाच जाणवला असणार. पण ते दाराकडे वळले नाहीत. त्यांनी पाणी मागितलं. कुणीतरी तांब्या आणून लांबूनच खाली ठेवला. मास्तरांनी बूट काढले, मोजे काढले. इतक्या वर्षांत त्यांचे उघडे पाय मी पहिल्यांदा पाहत होतो. दोन्ही पायांची अंगठ्याशेजारची दोन दोन बोटं एकमेकांना जुळलेली होती. मध्ये फट नव्हती, बदकाच्या पायासारखी कातडी होती.

पायांवर पाणी ओतत ते बोलायला लागले. आवाज चढवला नाही.

"हे माझे पाय. हे दांडगं असतं. ज्याच्यात असतं त्याच्यात बहुतेक दिसतंच. म्हणजे माझ्या आईचे पाय असे होते, नाहीतर बापाचे. कुणाचे, ते मला ठाऊक नाही. दुष्काळात सापडलो मी. बरोबर कोण होतं, कुठल्या गावचं, काय नाव, सांगायला कुणी उरलं नाही. मी इतकी वर्षं लोकांचे पाय बघतो. बाजारात बघतो, नदीवर बघतो, देवळाच्या दाराशी उभा राहून बघतो. कुठंतरी असे पाय दिसतील, तर तो माझा कुणीतरी असेल. अजून दिसले नाहीत." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "ज्याचं सांगणारं कुणी उरलं नाही त्याचं सोडा. पण सांगणारं कुणी असेल, तर त्यानं गप्प बसू नये. एवढंच सांगायला मी आलो होतो."

मग त्यांनी रुमालानं पाय पुसले आणि मोजे चढवू लागले.

भागूबाई बाहेर आली. हातात सूप तसंच होतं. ओट्याच्या कडेला उभी राहिली आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "भाऊ हुता माजा. थोरला."

"कोन भाऊ?" दगडू उठून उभा राहिला. "आक्के, कोन?"

"तुझ्या जल्माआदी गेला त्यो. त्याच दुष्काळात गेला. असाच हुता, पांडरा. आईनं त्याला आतल्या घरात ठिवलेला. दिस बुडला की भाईर काडायची. उनात त्याचं डोळं उगडत नसत. मी त्याच्यासंगं सागरगोटं खेळायची." तिनं सूप ओट्यावर ठेवलं. "त्यो गेल्यावर आईनं मला शपत घातली. म्हनली, तुजं लगीन व्हायचंय, तोंडातनं काडू नगंस. मंग न्हाई काडलं."

किसन ओट्याशी आला. "आये, अगं, हिला मी घराभाईर काडली, तवा बी तू..."

"तवा बी," भागूबाई म्हणाली. "गप बसायची सवय लागली बाबा."

ती गाडीजवळ गेली. हौसाच्या मांडीवरून पोर उचललं. पोरीनं उन्हानं डोळे मिटले, तशी भागूबाईनं तिच्या तोंडावर पदर धरला आणि तिथंच, सगळ्या भाऊबंदांसमोर, मोठ्यानं रडायला लागली. ते रडणं त्या पोरीसाठी नव्हतं, हे न सांगता कळत होतं.

किसन गाडीशी आला. खाली बघत म्हणाला, "चल घरात."

हौसा उतरली नाही. "मी सांगत हुते तवा माजं ऐकलं न्हाई," ती म्हणाली. "आता मास्तरनी सांगितलं, आत्यानी सांगितलं, म्हनून चल. मी आज न्हाई यायची." आणि सासूच्या हातातून पोर परत घेऊन बापाला म्हणाली, "गाडी वळव."

दगडूनं मास्तरांकडे बघितलं. मास्तर म्हणाले, "वळव की. बरोबर आहे तिचं."

येताना मी त्यांना विचारलं, "तुम्हाला खात्री होती?"

"नव्हती. मी वाटाणे वाढवलेत शास्त्रीबुवा, माणसं नाही."

"आणि ती बाई बोललीच नसती तर?"

"तर मला एवढंच म्हणता आलं असतं, की मला असं वाटतं. आणि माझ्या वाटण्यावर कुणी बायको परत नेत नाही." ते सायकल ढकलत चालत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "सागरगोटे खेळायची म्हणाली. ऐकलंत तुम्ही?"

किसन पुढं आपणहून आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा आला. शाळेच्या फाटकाशी बैलगाडी सोडून बसायचा, हौसा बाहेर यायची नाही, तो परत जायचा. शेवटी गुढीपाडव्याच्या सुमारास ती गेली. जाण्याआधी किसननं मास्तरांना गाठून विचारलं, "फुडलं बी असंच व्हईल का?" मास्तरांनी त्याला फसवलं नाही. "चारांत एक वेळ होऊ शकतं. दर वेळेला नव्यानं चारांत एक. झालं तर उन्हाला जपायचं, बाकी ते पोर इतरांसारखंच." किसननं थोडा विचार केला आणि म्हणाला, "व्हईल ते व्हईल." पुढचा मुलगा झाला तो बापासारखा काळासावळा.

भागूबाई मात्र तेव्हापासून शाळेत येऊ लागली. बाजाराला आली की नातीला घेऊन मास्तरांच्या पडवीत येऊन बसायची. पोरीसाठी मास्तरांनी रुंद कडांची एक हॅट कुठूनशी पैदा केली होती. म्हातारी बोलायची, मास्तर ऐकायचे. बोलणं सगळं त्या भावाचं. त्याला गूळ-भाकरी कशी आवडायची, अंधारात तो माणसं नुसत्या पावलांच्या आवाजावरून कशी ओळखायचा, आई त्याचे केस धुवायची तेव्हा ते कसे चमकायचे. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. घरी कुणाला सांगावं असं तिला वाटत नसेल, की तिथं तिला जमत नसेल, कोण जाणे. मास्तर कधी मध्येच विचारायचे, "हसायचा कसा?" आणि ती हसून दाखवायची.

पोर शाळेच्या वयाची झाली तेव्हा मास्तरांनी तिला प्राथमिक शाळेत घालायला लावलं. फळा तिला दिसत नसे. मास्तरांनी तिथल्या बाईंना सांगून तिला फळ्याला नाक लागेल इतकं पुढं बसवलं. स्वातंत्र्य येऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. लढाईवाले गोरे केव्हाच गेले होते, आणि कॅम्पातल्या सोल्जराची गोष्टही त्या गावात कुणी काढत नव्हतं.

त्याच सुमाराला मास्तरांना विषमज्वर झाला. मिशनच्या दवाखान्यात ठेवलं होतं. ताप उतरेना, माणूस खंगून गेला. आम्ही शाळेतले पाळीपाळीनं बसायचो. भेटायला येणाऱ्यांची गर्दी वाढली तशी डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली, की नातेवाइकांशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. नातेवाईक नाहीत, म्हणजे कुणीच नाही. मला शाळेचा माणूस म्हणून एकट्याला परवानगी होती.

एका दुपारी मी खाटेशेजारी बसलो होतो. मास्तर डोळे मिटून पडले होते, पण जागे होते. नर्सबाई दारात आल्या. जरा अवघडलेल्या होत्या.

"बाहेर एक म्हाताऱ्या बाई आल्यात," त्या म्हणाल्या. "बरोबर एक पांढऱ्या केसांची मुलगी आहे. नियम सांगितला तर ऐकत नाहीत. तुमची बहीण आहे म्हणतात."

मास्तरांनी डोळे उघडले. छताकडे बघत राहिले, इतका वेळ, की नर्सबाई माझ्याकडे बघू लागल्या.

"येऊ द्या," मास्तर म्हणाले.

आणि मग मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, जरा उशी सरळ करता? बसतो मी."